मान वळेल एवढी जागा

सुंदरराव चेरमनना देवानं बसण्यासाठीच घडवलं होतं. बोरवाडीच्या दूध संस्थेत आधी त्यांना हातांची खुर्ची होती. एका वार्षिक सभेत ते भाषणाला उठले, तर खुर्चीही त्यांच्यासोबत उठली. मागच्या सभासदांना वाटलं, हा काहीतरी नवा ठराव आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून बिनहाताची, बाभळीची, दोन माणसं सहज मावतील अशी खुर्ची करून घेतली. एसटीत चेरमन चढले की शेजारचा माणूस आपण होऊन उठायचा. मान म्हणून उठायचा की भीतीनं, हे कुणी विचारलं नाही. सुंदररावांनी तो मानच धरला.

तर असा हा ऐसपैस माणूस. त्यानं त्या दुष्काळात चारा छावणी काढली.

दुष्काळ असा होता की ढग चौसाळ्याच्या हायवेपर्यंत यायचे, ढाब्यावर चहा घेतल्यासारखे थांबायचे आणि निघून जायचे. ऊसच नव्हता, तर तोडीला कोण बोलावणार? दरसाल कोयता घेऊन कारखान्यांना जाणारी माणसं घरीच राहिली आणि जनावरं छावणीत आली. सुंदररावांनी संस्थेच्या माळावर दावणी टाकल्या. लांब दोर ताणायचा, अंतरा-अंतरावर खुटे ठोकायचे, खुट्याला जनावर बांधायचं. ही झाली दावण.

इथवर सगळं पुण्याचंच काम होतं. पण लिंबागणेशकडच्या भगवानरावांनीही छावणी काढली आणि घोटाळा झाला. हे दोघं चौसाळ्याच्या शाळेत एका बाकावर बसलेले. पुढे तालुका दूध संघाच्या निवडणुकीत एकमेकांच्या विरोधात उभे राहिले आणि दोघंही पडले. तेव्हापासून बोलणं बंद. निवडून कोण आलं होतं, ते आता दोघांनाही आठवत नाही. पण आपल्याला कोणी पाडलं, ते मात्र पक्कं ध्यानात आहे.

भगवानरावांची छावणी मोठी, असं कुणी म्हणालं की सुंदरराव एक दावण वाढवायचे. साडूची जनावरं आली, व्याह्याची आली, व्याह्याच्या साडूचीही आली. "येऊ द्या! ठोका खुटा!" माळ काही ताणत नव्हता, म्हणून खुटेच जवळ जवळ सरकत गेले. बाजूला चांगला मोकळा तुकडा होता, पण तो मांडवासाठी राखलेला. एक मोठे पुढारी येणार होते आणि तालुक्यातली सगळ्यात मोठी छावणी म्हणून सुंदररावांचा सत्कार करणार होते.

अशात एक दिवस भिवराबाई कमरेला पदर खोचून समोर उभी राहिली. नवरा मागेच गेलेला, लेक पुण्याकडं कामाला. बाईजवळ होती एक तांबडी गाय, तीही पहिलटकर, दिवस भरत आलेली.

"चेरमन, मपल्या तांबडीला बसाया जागा न्हाई."

"अगं, जनावर उभ्यानंबी रवंथ करतंय, भिवराबाई."

"रवंथ करतंय, पर उभ्यानं वितंय व्हय? दोन्ही अंगाला तुमच्या व्याह्याच्या म्हशी हायेत. वासरू खाली पडलं की खुराखालीच जायचं. मपला सासरा म्हनायचा, जनावराला मान वळवून पाठ चाटता आली पायजे, तेवढ्यावर दुसरा खुटा ठोकावा."

"सासऱ्याच्या टायमाला दुष्काळ न्हवता."

"दुष्काळ व्हता. चेरमन न्हवते."

भोवतीची माणसं हसली. सुंदररावांना तेच लागलं. ते म्हणाले, "एका रांगेत दोन जास्ती बांधली तर काय वाघ खातो का? दाटीवाटीनं राह्यलं की माया वाढती."

"मंग तुमी या की एक दिवस, माया वाढवाया."

आता हसणाऱ्यांत संस्थेचे सचिव राधाकिशनही होते. छडीसारखा बारीक माणूस. एरवी चेहरा असा गंभीर की आत काय शिजतंय त्याचा वासही येऊ नये. सुंदररावांनी त्यांच्याकडं डोळे वटारले आणि भिवराबाईला सांगून टाकलं, "मांडव होईस्तोवर एक खुटा हलनार न्हाई."

त्याच आठवड्यात संघानं चेरमन आणि सचिवांचा अभ्यास दौरा काढला. हिरवा चारा हवाबंद खड्ड्यात दाबून मूरघास कसा करतात, ते उत्तरेत जाऊन पाहायचं. आपल्याकडं दाबायला हिरवा चाराच नव्हता, पण पाहायला काय हरकत? जाताना रेल्वे आणि येताना विमान. दुष्काळात विमान कशाला, असं कुणी विचारलं की सुंदरराव म्हणायचे, "वरून दुष्काळ नीट दिसतो."

निघताना बायकोनं, छबुबाईंनी, धपाटे, ठेचा आणि नवं कोरं उपरणं दिलं. वर बजावलं, "आवो, इमानात मांडी घालून बसू नका. लोक हसतेत."

मांडी घालायची चिंता त्यांनी उगाच केली.

परतीच्या दिवशी सुंदरराव विमानात शिरले ते एसटीत शिरल्यासारखे. पहिल्याच रांगेत पाय पसरायला ऐसपैस जागा दिसली. त्यांनी लगेच खांद्यावरचं उपरणं काढून त्या सीटवर टाकलं. एकदा उपरणं पडलं की जागा आपली, हा कायदा बीडच्या स्टँडपासून सगळीकडं चालतो. हवाई सुंदरीनं मात्र ते उपरणं उचललं, छान घडी घातली आणि हसून दोन्ही हातांनी त्यांना परत दिलं, जसा काही आहेरच करते आहे. सुंदररावांनीही मान लववून तो घेतला.

मग राधाकिशनांनी कानात सांगितलं, "आपली जागा मागं हाय, साहेब. हितं बसाया भाव येगळा पडतो."

"पाय लांब कराया भाव?"

"व्हय. आखडून बसलं की स्वस्तात."

मागं गेले. तिघांची रांग. खिडकीशी राधाकिशन सळईसारखे सरकून बसले. मधली जागा चेरमनांची. सुंदरराव आधी तिरके शिरले, मग बसले. बसले म्हणजे काय, पोत्यात पोतं भरतात तसे आत गेले. दोन्ही बाजूंचे हात बरगड्यांना भिडले, गुडघे पुढच्या सीटला. इतक्यात कडेच्या जागेवर दुसरा एक देह येऊन उभा राहिला. सुंदररावांनी वर पाहिलं.

भगवानराव! संघाच्या यादीत तेही होते. जाताना रेल्वेत दोघांनी डबे वेगळे धरले होते, मूरघासही खड्ड्याच्या दोन टोकांना उभं राहून पाहिला होता. विमानात डबा एकच.

भगवानरावही काही काडी नव्हते. ते बसले तसे सुंदरराव राधाकिशनांच्या अंगावर झुकले आणि राधाकिशन खिडकीला चिकटले, काचेवर पोस्टर लावल्यासारखे.

पट्टा बांधायची वेळ आली. सुंदररावांचा पट्टा पोटाच्या अलीकडंच थांबला. हवाई सुंदरी पट्ट्याचा दुसरा तुकडा घेऊन आली आणि जोडून गेली. भगवानराव खुदकन हसले. मग त्यांचाही पुरला नाही. तेव्हा सुंदरराव हसले.

दोघांच्या मध्ये टेकायला हात एकच होता, चार बोटांचा. विमान उडायच्या आधी त्यावर भगवानरावांचं कोपर होतं. विमान वर गेलं तेव्हा सुंदररावांचं होतं. ढगात दोन्ही होती. कोणी कुणाकडं पाहत नव्हतं, पण कोपरं बोलत होती. शेतकरी बांध कोरतो तसं एक कोपर दुसऱ्याला हळूहळू कोरत होतं.

"राधाकिशन," सुंदरराव समोर पाहत म्हणाले, "काही लोकांना दुसऱ्याच्या बांधावर चढायची खोडच असती."

"आन काही लोकांचं वावरच बांधाच्या बाहेर आलेलं असतं," भगवानराव छताकडं पाहत म्हणाले.

तेवढ्यात पुढच्या प्रवाशानं बटण दाबलं आणि त्याची पाठ अलगद सुंदररावांच्या मांडीवर आली. लेकरू निजवावं तसं. आता खायचं कसं? समोरची फळी उघडली तर ती पोटावर टेकून उताराची झाली. त्यावर ठेवलेलं धपाटं घसरलं, ते थेट भगवानरावांच्या मांडीवर गेलं. भगवानरावांनी क्षणभर त्याच्याकडं पाहिलं आणि मुकाट्यानं खाल्लं. बांधावरचं बोर ज्याच्या अंगाला पडेल त्याचं.

आणि मग सुंदररावांच्या पाठीला खाज सुटली.

बरोबर मधोमध. डावा हात राधाकिशनांच्या बरगड्यांत अडकलेला, उजवा भगवानरावांखाली. त्यांनी पाठ सीटला घासून पाहिली. घासायलाही जागा लागते. मान वळवून कुठं खाजतंय ते तरी बघावं म्हटलं, तर हनुवटी भगवानरावांच्या खांद्याला अडली. दुसरीकडं वळवली तर राधाकिशनांचा कान. कपाळावर घाम आला. उठावं, तर पट्टा. त्यांच्या तोंडून घुसमटल्यासारखं निघालं, "राधाकिशन, ही मानसं एवढी चेपून कावून बसवलीत बे?"

राधाकिशन काचेला गाल लावून, अगदी गंभीरपणे म्हणाले, "एका रांगेत दोन जास्ती बसवली तर काय वाघ खातो का, साहेब? दाटीवाटीनं माया वाढती."

सुंदररावांची खाज क्षणभर थांबलीच म्हणायची. डोळ्यांपुढं तांबडी उभी राहिली. दोन म्हशींच्या मधे, मान अर्धी वळवून अडकलेली. गोमाशी पाठीवर, जीभ बाहेर, आणि पोचत नाही. आपण तरी बसलोय, दोन तासांत उतरणार आहोत. तिला कोण उतरवणार? आणि ती मधेच व्याली तर?

खाज परत आली, दुप्पट. सुंदररावांनी ओठ आवळले, डोळे मिटले.

"कुठं खाजतंय?" उजव्या कानाशी आवाज आला.

किती तरी वर्षांनी भगवानराव थेट त्यांच्याशी बोलले होते.

"मधी. खाली... न्हाई, वर. हितंच! हितंच!"

भगवानरावांनी कसाबसा हात मागं घालून खराखरा खाजवलं. सुंदररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. खाज गेली म्हणून की आणखी कशानं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"भगवान," ते म्हणाले, "तुज्या छावनीत खुटे केवढ्या अंतरावर हायेत बे?"

भगवानरावांनी कोपर जरा आत घेतलं. "तू जवळ ठोकले, मनून मीबी ठोकले."

"तू वाढवली मनून मी वाढवली."

"आता हितं बसल्यावर कोन मोठा ते सांग," म्हणून भगवानराव झोपले, तेही सुंदररावांच्या खांद्यावर. सुंदररावांनी खांदा काढून घेतला नाही. घ्यायचा म्हटला तरी कुठं घेणार होते?

औरंगाबादला उतरल्यावर सुंदररावांनी पहिला फोन छावणीवरच्या सिदूला केला. "भिवराबाईची गाय व्याली का रे?"

"न्हाई, पर कळा सुरू झाल्यावानी दिसती. आन साहेब, मांडववाले आलेत. खांब कुठं रोवायचे इचारतेत. उद्याच हाय ना सत्कार."

जीप बोरवाडीत पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. चेरमन घरी न जाता कमरेवर हात ठेवून, वाकडे-वाकडे थेट दावणीवर आले. तांबडी पाय फाकवून उभी होती, पोट उसळत होतं. भिवराबाई दोन म्हशींच्या मधे घुसून आपल्या पाठीनं त्यांना रेटत होती.

तिनं चेरमनकडं पाहिलं. "कसं व्हतं इमान?"

"दावनीला बांधल्यावानी, भिवराबाई."

"मंग बसला तरी. मपली कवाची उभी हाय."

सुंदररावांनी स्वतः वाकून म्हशीच्या खुट्याला हात घातला. तो निघेना. मग दोन्ही हातांनी उपटला आणि खुट्यासकट मागं पडले, बुडावर. कुणी हसायच्या आत ओरडले, "बघता काय बे? एकाआड एक खुटा काढा! आन मांडवाच्या तुकड्यात नव्या दावनी टाका!"

"पर साहेब, सत्कार?" सिदू म्हणाला. "पुढारी कुठं बसायचे?"

"पुढाऱ्यानला कळवा, मांडवाची जागा जनावरांनी धरली. उपरणं टाकून."

व्याह्याच्या म्हशी हलल्या. तांबडीनं दोन्ही बाजूंना पाहिलं, जागा हुंगली आणि धपकन बसली. मग मान पार मागं वळवून पाठ चाटली, सावकाश, मन भरेपर्यंत. ऊन कलायच्या आत व्याली. कालवड झाली, तांबडीच. कुणीतरी चेरमनसाठी बाभळीची खुर्ची आणली, तर ते म्हणाले, "नगं. दोन तास बसून आलोय. उबाच बरा."

सत्कार गेला तो गेलाच. पुढाऱ्यांकडं दुसरी तारीख नव्हती. दोन दिवस सुंदरराव उंबऱ्याशी बसून मोकळ्या दावणीकडं बघायचे आणि मनातल्या मनात कमी झालेले खुटे मोजायचे. माणूस एका विमानानं साधू होत नाही.

तिसऱ्या दिवशी भिवराबाईनं खरवसाचा डबा आणून दिला. छबुबाईंनी वाटीत काढून दिला. सुंदररावांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "निम्मा दुसऱ्या डब्यात घाला. सिदूला लिंबागणेशकडं धाडा, भगवानच्या घरी. सांगा मनावं, कोपराला लावाया दिलाय."

छबुबाई बघतच राहिल्या. पण डबा गेला.

आपल्याकडं कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. मूठभर डाळ, गुळाचा खडा, काही तरी घालतात. संध्याकाळी सिदू परत आला तो डबा खांद्यावर धरून. झाकण लागत नव्हतं. छबुबाईंनी आत पाहिलं.

"आगं बया! हे काय धाडलंय त्या मानसानं? चुलीत घालाया?"

डब्यात एक खुटा होता. नुकताच उपटलेला, टोकाला ओली माती तशीच.

सुंदररावांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला. आधी गालात हसले, मग पोट गदगदून हसले, इतकं की खालची बाज कुरकुरली.

"चुलीत नगं," ते म्हणाले. "भिंतीला ठोका. त्यावर मपलं उपरनं टांगत जाईन."