आईची मेंढरं आणि माझी फी

मुंबईला जाऊन नर्सिंगची पदवी घ्यायची, हे खूळ माझ्या डोक्यात केडगावच्या मिशनमधल्या एका नर्सबाईंनी भरलं. माझ्या वडिलांच्या, आबांच्या, पायाला कुऱ्हाड लागली होती. पट्टी बदलायला जाताना मी त्यांच्याबरोबर असायची आणि बाई काम करता करता माझ्याशी बोलायच्या. दवाखान्यातला कोर्स केलास तर नर्स होशील, पदवी घेतलीस तर नर्सना शिकवशील, असं त्या म्हणाल्या. मला लहानपणापासून दुसऱ्याला शिकवायची फार हौस. घरात माझ्याहून धाकटं कोणी नव्हतं, म्हणून मी मेंढरांना पाढे शिकवलेले आहेत. तेव्हा पदवीच घ्यायची, असं मी ठरवून टाकलं.

अडचण अशी की दवाखान्यातला कोर्स फुकट होता, वर हातखर्चालाही पैसे मिळत. पदवीला मात्र फी, वसतिगृह, पुस्तकं, सगळं आपल्या खिशातून. साठ साल उलटून गेलं होतं, तरी आमच्या घरात खिसा एकच होता, आबांच्या बंडीचा, आणि त्यात तंबाखू असायची. फुकटचं सोडून विकतचं कशाला घ्यायचं, असं चुलते म्हणाले. त्यांचं काही चुकत नव्हतं, पण मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

आम्ही राहू गावच्या शिवारातली मेंढरं राखणारी माणसं. थोडी जमीन होती, पण पोट मेंढरांवर. शेतकरी आपल्या रानात रात्रीची मेंढरं बसवून घेत. लेंड्यांचं खत होई आणि त्याच्या बदल्यात आम्हाला ज्वारी-बाजरी मिळे. खायला कधी कमी पडलं नाही. पण मुंबईचं विद्यापीठ ज्वारी घेत नाही. रोख पैसा हवा तर मेंढरू विकायचं, आणि आबांनी आपले विकण्याजोगे नर आदल्याच वर्षी मॅट्रिकनंतरच्या माझ्या पुण्यातल्या कॉलेजसाठी विकून टाकले होते.

उरली ती आईची मेंढरं. आमच्यात लेक सासरी निघाली की बाप तिला एक मेंढी देतो. ती मेंढी, तिची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, सगळी त्या लेकीची. नवरा ती राखतो, पण विकू शकत नाही. आईचं माहेर शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठी, इनामगावच्या बाजूला. तिकडून आणलेल्या एका मेंढीचा आता छोटासा कळप झाला होता. आई त्या मेंढरांशी जेवढं बोलायची तेवढं आमच्याशी बोलत नसे. आबांनी ती मागितली नाहीत. मागायची माझीही छाती झाली नाही. मुंबईच्या कॉलेजात मला जागा मिळाली होती, पण फी भरायची तारीख जवळ येत होती, ती चुकली की माझी जागा दुसरीला जाणार होती. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीच विषय काढत नव्हतं.

एका सकाळी कळप रानात सोडायच्या वेळी आई आपली मेंढरं बाजूला काढायला लागली. दोन म्हाताऱ्या मेंढ्या सोडून सगळी काढली.

"दौंडच्या बाजारात न्या," ती म्हणाली. "पर मी बी येनार."

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण उद्या आपण नापास झालो तर या बाईला काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

दौंडच्या बाजारात शिरूरचे एक मुसलमान व्यापारी येत. आईच्या वडिलांची मेंढरंही तेच घेत, म्हणून ते आईला आक्का म्हणत आणि मी त्यांना मामा. आई मेंढरांपाशी उभी राहिली आणि आबा सौद्याला बसले. मेंढरांचा सौदा तोंडाने होत नसे. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागत नाही. आता बायकोच्या माहेरच्या माणसाशी घासाघीस करायची म्हणजे आबांना संकटच. मामांनी बोटं दाबली की आबांची मान लगेच होकारात हलायची. रुमालाखालचं आईला दिसत नव्हतं, पण नवऱ्याची मान दिसत होती. ती पुन्हा हलल्यावर आई पुढे झाली.

"सरका तुमी. मेंढरं माजी हायेत," ती म्हणाली आणि रुमालाखाली घालायला तिने आपला हात पुढे केला.

आजूबाजूचे व्यापारी माना वळवून बघायला लागले. सौद्यात बाईचा हात त्यांनी कधी बघितला नव्हता. मामांनी तर चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. परक्या बाईची बोटं धरायची कशी, आणि बोटं न धरता भाव करायचा कसा? उभ्या जन्मात त्यांनी दुसऱ्या रीतीने सौदा केला नव्हता. मग रुमाल उचलून त्यांनी खांद्यावर टाकला.

"आक्का, तुमी तोंडानंच सांगा," ते म्हणाले.

आईने भर बाजारात मोठ्याने आकडा सांगितला. त्यात माझी फी होती, वसतिगृह होतं आणि केडगावपासून मुंबईचं तिकीटही होतं. मी घरात जे पुटपुटत होते ते तिने कधी ऐकून ठेवलं, देव जाणे. उघड्यावर भाव फोडला म्हणून बाकीचे व्यापारी मामांवरच चिडले. मामांना हसू आवरेना. निदान तिकिटाचे तरी सोडा, असं त्यांनी म्हणून पाहिलं.

"मग पोरगी मंबईला चालत जाईल व्हय?" आईने विचारलं.

मामांनी पुरते पैसे दिले. परतीच्या वाटेवर आई पदर तोंडाला लावून रडली. मी जवळ गेले तर तिने मला हाकलून दिलं. माझ्या आईवर माझं किती प्रेम होतं, ते मला त्या वाटेवर कळलं.

फी भरायला आबा माझ्याबरोबर मुंबईला आले. खिडकीतल्या कारकुनाने पैसे घेतले आणि पावती लिहिण्यासाठी पालकाचं नाव विचारलं. मी आबांचं नाव सांगायला लागले, तर आबांनीच मला थांबवलं. पैसे हिच्या आईचे आहेत, तिचंच नाव घाला, असं ते म्हणाले. वडील समोर उभे असताना आईचं नाव कशाला, हे कारकुनाला काही केल्या पटेना. आबाही हटेनात. मागे रांग वाढत चालली होती. शेवटी कारकून कंटाळला आणि म्हणाला, बरं, सांगा नाव.

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. आबा आईला "अगं" म्हणत, आणि ती लांब असली तर माझ्या नावाने तिला हाक मारत. आईचं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेलं नव्हतं. त्यांची पंचाईत नको म्हणून मी पुढे सरकले, पण त्यांनी मला हाताने मागे सारलं. फेटा सारखा केला, खिडकीशी वाकले आणि तोंडातल्या तोंडात आईचं नाव घेतलं. कारकुनाला ते ऐकू गेलं नाही. तेव्हा आबा ताठ उभे राहिले आणि त्यांनी ते पुन्हा घेतलं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं.