नऊ वाजताची प्रार्थना

यजमानांचं मुतखड्याचं ऑपरेशन करायचं ठरलं, तेव्हा मी सगळ्यात आधी यादी केली. लढाईचे दिवस होते. साताऱ्यात मुलींच्या बोर्डिंगची व्यवस्था माझ्याकडे होती. धान्य, रॉकेल, धोब्याचे कपडे, आजारी मुली, सगळं मी वहीत लिहून चालवत असे. प्रार्थनाही त्याच वहीत. सकाळी एकेक नाव घ्यायचं आणि पुढे खूण करायची. प्रभूपाशी बसले तरी मन पुढच्या ओळीवर असे. छातीत एक घट्ट गाठ घेऊनच मी उठत असे आणि तिलाच कामाचा उरक समजत असे.

मिरजेच्या मिशन दवाखान्यात जाताना आगगाडीतच मी त्या दिवसाचा कागद तयार केला. नऊ वाजता डॉक्टरांच्या हातांसाठी, सव्वानऊला भूल नीट चढावी म्हणून, साडेनऊला रक्तस्राव होऊ नये म्हणून. यजमान हसून म्हणाले, "थोडं प्रभूलाही ठरवू दे." मला ते रुचलं नाही. त्यांचं हृदय अशक्त होतं आणि भुलीतून ते उठतीलच, असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी नऊ वाजले, तरी त्यांना न्यायला कुणी आलं नाही. कवठे महांकाळकडची एक अडलेली बाळंतीण दवाखान्यात आली होती. डॉक्टर तिच्याकडे गेले. माझ्या तिन्ही प्रार्थना वेळेवर करून झाल्या होत्या आणि यजमान खाटेवर वर्तमानपत्र वाचत होते. मी सिस्टरना तीनदा विचारलं. शेवटी त्या म्हणाल्या, "बाई, बाळंतपणाला तुमचं घड्याळ दाखवू का?" मला त्या बाळंतिणीचा राग आला. लिहायला लाज वाटते, पण आला.

बाराच्या सुमारास यजमानांना आत नेलं आणि मला मागच्या अंगणात बसायला सांगितलं. तिथे रोग्यांच्या नातेवाइकांच्या चुली होत्या. एका चुलीपाशी जतकडची एक म्हातारी धनगरीण बसली होती. मेंढरांमागे जाताना नवऱ्याचा पाय मोडला, म्हणून ती तिथे राहिली होती. तिच्या उजव्या हाताला फडकं बांधलेलं होतं. मी कागद उलगडून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करणार, तोच ती म्हणाली, "आवं बाई, कागद बघून पोट भरतंय व्हय? माझा हात भाजलाय. चार भाकरी थापा की."

मी ख्रिस्ती आहे, हे मी तिला आधी सांगितलं. त्या काळी सांगावं लागे; आमच्या हातचं सगळ्यांना चालत नसे.

"पिठाला काय कळतंय? हात धुवा म्हंजी झालं."

पहिली भाकरी मोडली. "ही कुत्र्याला," म्हणून तिने ती बाजूला ठेवली. आत कोण आहे, असं विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. हृदयाचं, भुलीचं, या कागदाचंही. ती जाळ सारखा करत राहिली. मग म्हणाली, "मेंढराला फुडं कुठं जायाचं ते ठावं नसतंय, बाई. ठावं असतं तर त्यानं चरलंच नसतं."

'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे स्तोत्र मला लहानपणापासून तोंडपाठ. कितीतरी मुलींकडून मी ते पाठ करून घेतलंय. पण मेंढपाळाला मेंढरू यादी देत नाही, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी पीठ मळत राहिले. प्रभूपाशी काही मागितलं नाही. भाकरी तव्यावर फुगली, मी ती उलटली, आणि छातीतली ती जुनी गाठ केव्हा सैल झाली ते मला कळलं नाही. आत काय होईल ते अजून ठाऊक नव्हतं. आत त्यांच्यापाशी मेंढपाळ आहे, ते मात्र ठाऊक होतं.

सिस्टर आल्या तेव्हा माझे हात पिठाने भरलेले होते. म्हणाल्या, "शुद्धीवर आलेत. यादीतलं काय राहिलं, विचारताहेत."

सगळंच राहिलं होतं. बारानंतर एकाही ओळीवर माझी खूण नव्हती.

संध्याकाळी मी त्या बाळंतिणीलाही भेटून आले. तिला मुलगी झाली होती. मनातल्या मनात मी तिची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी अंगणात गेले, तर धनगरीण नवऱ्याला घेऊन गावी निघून गेली होती. माणसांची नावं लिहून ठेवणारी मी, पण तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

यादी मी अजूनही करते. बोर्डिंग त्याशिवाय चालायचं नाही. पण रोज सकाळी पहिली ओळ कोरी सोडते. तिच्यापाशी थोडा वेळ गप्प बसते, प्रभूचे आभार मानते, आणि मग दुसऱ्या ओळीला लागते.