लायनरमध्ये चेहरा कशाला दिसायला हवा?

"देखिए मॅडम, अब इसमें चेहरा दिखता है!"

महेंद्रजींनी लायनर माझ्या टेबलावर ठेवला आणि पोरगा पहिला आल्यासारखे हसले. मी आत डोकावून पाहिलं. दिसत होता खरा चेहरा. माझाच, आणि तो उतरत चालला होता.

"हे कोणी केलं?"

"मैंने करवाया. पूरा लॉट."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. मिस्टरांची बँकेतून जयपूरला बदली झाली आणि आम्ही विद्याधर नगरात राहायला आलो. मी इचलकरंजीची, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. घरी बसून करणार काय? घराजवळच्याच एका कारखान्यात क्वालिटी बघायला लागले. तिथे शेतावरच्या डिझेल पंपांच्या इंजिनाचे लायनर बनत. लायनर म्हणजे एक जाडजूड नळी, तिच्या आत पिस्टन खाली-वर पळतो. महेंद्रजी मालक. त्यांच्या घराण्यात रत्नांना पॉलिश करायचा धंदा, हे एकटेच लोखंडाकडे वळलेले. पण रत्नं पारखायचं भिंग काही त्यांच्या खिशातून सुटलं नव्हतं.

आता लायनरला आतून काय करतात ते सांगते. मशीनवर नळी कोरून झाली की शेवटचा हात होनिंगचा. घासायचे बारीक दगड लावलेलं एक डोकं नळीत गोल फिरतं आणि त्याच वेळी खाली-वर जातं. त्यामुळे आत एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा उमटतात. या रेघा म्हणजे दोष नव्हे, त्या मुद्दाम पाडलेल्या असतात. इंजिनातलं तेल त्यांच्यात धरून राहतं. आपण पाट्याला टाकी लावून घेतो ना, तसंच. पाटा गुळगुळीत झाला की वाटण नुसतं सरकतं. लायनर गुळगुळीत झाला की तेल सरकतं, आणि पिस्टनच्या रिंगा कोरड्या घासायला लागतात.

आणि या गृहस्थांनी सगळ्या रेघा पॉलिश करून घालवल्या होत्या!

आदल्या दिवशी बासोडा होता. शीतलामातेचा सण, घरोघर शिळं खायचं, कारखाना बंद. होनिंग मशीनवरचा कैलाश चाकसूचा, तो गावच्या मेळ्याला गेलेला. मीही घरी. अडवायला कोणी नाही हे बघून महेंद्रजींनी तयार लॉट टेम्पोत घातला, चुलतभावाच्या पॉलिशच्या दुकानात नेला आणि नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, गोळा फिरवून आतून चमकवून आणला.

"पण का?" मी विचारलं.

"अहो मॅडम, पाहुणे आले होते. आत बोट फिरवून म्हणाले, यात तर ओरखडे आहेत. मेरी तो नाक कट गई." आमचं सगळं बोलणं हिंदीत व्हायचं, मी बरंचसं मराठीत सांगते आहे.

मी रफनेस टेस्टर काढला. हे एक लहानसं यंत्र, त्याची सुई पृष्ठभागावरून सरकते आणि तो किती खरखरीत आहे ते आकड्यात सांगते. आकडा इतका खाली आला होता की मी तीनदा सुई फिरवली.

महेंद्रजी खूश. "कमी आला ना? म्हणजे चांगलंच झालं."

"ड्रॉइंगवर दोन मर्यादा आहेत, भाईसाहब. याहून जास्त नको आणि याहून कमी नको. हा कमीच्याही खाली गेलाय."

"जास्त चांगलं दिलं म्हणून कोणी भांडतं का?"

मी हात जोडून सांगितलं, लॉट परत होनिंगवर घेऊ, हलका हात मारला तरी रेघा येतील, माप बिघडणार नाही, उद्या संध्याकाळपर्यंत माल निघेल. ते म्हणाले, ट्रक दारात उभा आहे. मी म्हटलं, मग माझा ओके मिळणार नाही. आणि घरी गेले.

सकाळी येऊन पाहते तर लॉट गेलेला, आणि माझा ओकेचा शिक्का टेबलावर उघडा पडलेला. माझ्या ड्रॉवरमधून काढून माझाच शिक्का मारला होता! मी केबिनमध्ये जाऊन खूप आवाज चढवला. महेंद्रजींनी शांतपणे चहा मागवला. "मॅडम, आप टेन्शन बहुत लेती हैं."

टेन्शन पुढच्या महिन्यात आलं. पंप बनवणारी कंपनी गुजरातची. तिथून फोनवर फोन. इंजिनं निळा धूर सोडतायत, तेल पितायत, दोन तर टेस्टवरच जाम झाली. त्यांचे सक्सेना साहेब स्वतः येणार असं कळलं.

आणि महेंद्रजींनी काय करावं? कैलाशला बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं, तू चुकीचे दगड लावलेस, तुझ्यामुळे नाव गेलं.

हा कैलाश काही गरीब गाय नव्हता. तोंडाचा फटकळ, माझ्याशीही रोज वाद घालायचा. पण त्या महिन्यात त्याला कायम करायचं ठरलेलं. इतकी वर्षं टेम्पररीवर काढलेला माणूस, आणि आता निष्काळजी म्हणून काढला असता तर त्या औद्योगिक वसाहतीत त्याला दुसऱ्या कोणी मशीनला हात लावू दिला नसता. एरवी अखंड बडबडणारा तो माणूस त्या दिवशी बंद मशीनच पुसत राहिला. मला ते बघवेना.

सक्सेना साहेब आले. त्यांनी इंजिनात न बसवलेला एक लायनर सोबत आणला होता. महेंद्रजींनी काजूकतली पुढे केली आणि सुरुवात केली, "ऑपरेटर की गलती है, साहब. हम उसको निकाल रहे हैं."

"भाईसाहब," मी म्हटलं, "तुमचं भिंग द्या जरा."

त्यांनी सवयीने काढून दिलं. मी ते सक्सेना साहेबांच्या हातात ठेवलं. "साहेब, कडेपासून आत बघा. रेघा आहेत?"

"हैं… लेकिन जैसे किसी ने मिटा दी हों."

"आणि वरच्या कडेच्या खाचेत?"

साहेबांनी टाचणीने खरवडलं. टोकावर हिरवा चिकट मसाला आला. चमक आणायला नमद्याच्या गोळ्याला चोळतात ती हिरवी वडी.

"होनिंगच्या दगडाने असा मसाला निघत नाही," मी म्हटलं. "हे पॉलिश आहे. आणि ते बासोड्याच्या दिवशी झालंय. कारखाना बंद होता आणि कैलाश चाकसूला मेळ्यात होता. मी या लॉटला ओके दिला नव्हता. तो शिक्का माझा आहे, पण मारणारा हात माझा नाही. आता भाईसाहबांनीच सांगावं, पॉलिश कोणी केलं?"

महेंद्रजी भिंगाकडे बघत राहिले. रत्नातली केसाएवढी रेघ दिसणाऱ्या या माणसाने स्वतःच्या मालाकडे त्यातून एकदाही बघितलं नव्हतं! शेवटी म्हणाले, "अच्छे के लिए ही किया था."

सक्सेना साहेबांनी काजूकतली बाजूला सारली. न बसवलेले सगळे लायनर परत होनिंगला घ्यायचे आणि यापुढे मॅडम स्वतः फोनवर सांगतील तेव्हाच माल उचलायचा, असं सांगून ते उठले. ते सगळे लायनर कैलाशनेच परत होन केले, माझ्याशी वाद घालत घालत. एकही रिजेक्ट झाला नाही.

त्या महिन्यात कैलाश कायम झाला. माफी? छे! ऑर्डर हातात देताना महेंद्रजींनी त्यालाच ऐकवलं, "आगे से ध्यान रखना."

सोमवारी कामावर गेले, तर होनिंग मशीनच्या डोक्यावर लाल अक्षरांत नवाकोरा बोर्ड. 'बिना अनुमति पॉलिश करना सख़्त मना है.' खाली कैलाश उभा.

"मॅडमजी," तो म्हणाला, "मैंने कब किया?"

मी त्याच्याकडे स्क्रू-ड्रायव्हर मागितला, बोर्ड उतरवला आणि महेंद्रजींच्या केबिनच्या दारावर, बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर येईल असा लावून टाकला. ते अकराला आले. उभे राहून वाचलं. दार उघडून आत गेले.

आमची पुढची बदली होईपर्यंत तो बोर्ड तिथेच होता. यातून शिकायचं एवढंच, की सूचना लावायची तर ज्याला ती लागू आहे, त्याच्या दारावर लावावी.