संकेश्वरपुढचा सर्व्हे नंबर नसलेला रस्ता

घटना : गेल्या गौरी विसर्जनाची दुपार. स्थळपाहणी : त्यानंतर दोनदा, जातीने. जबाबदार : मोबाईलवर रस्ते दाखवणारी कंपनी, महामार्ग रुंदीकरणाचा ठेकेदार आणि माझा पुतण्या संजू, कारण गाडी त्याने वळवली.

मी बेळगावच्या कोर्टात आयुष्यभर वकिली केली. पुराव्याशिवाय देवाचेही कधी ऐकले नाही, भुताखेतांचे दूरच... म्हणूनच हे लिहिताना संताप होतो.

निपाणीला साडूंकडे जेवून आम्ही परतत होतो. संजू चालवत होता; शेजारी मी, मांडीवर जिल्ह्याचा छापील नकाशा; मागे पत्नी. संकेश्वर मागे पडले आणि तिच्या छातीत कळ आली. पुढे टँकर उलटलेला, मागे वाहनांची रांग. परतायलाही जागा नाही. तेवढ्यात मोबाईल म्हणाला, डावीकडे वळा.

"वळू नकोस. नकाशात इथे रस्ताच नाही," मी बजावले.

"अण्णा, तुमचा नकाशा म्हातारा झालाय."

"म्हातारा असला तरी साक्ष फिरवत नाही!"

"दोघंबी गप्प बसा," मागून पत्नी कळवळली. "कोर्ट घरात भरवा. मला दवाखान्यात न्या आधी."

संजूने वळवले.

दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस आणि मध्ये तांबड्या मातीचा सरळ रस्ता. माणूस नाही, जनावर नाही. मैलाचे दगड होते... पण कोरे! सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको — इथे दगडावर कन्नड असावे की मराठी, यावरून डोकी फुटतात. कोरा दगड कोणी सोडत नाही.

"अण्णा, मोबाईल बोलायचा थांबलाय," संजू हळूच म्हणाला. "रेंजच न्हाय."

तरीही थोड्याच वेळात आम्ही यमकनमर्डीजवळ महामार्गाला लागलो. बेळगावचे डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर आमच्या हातात काही उरले नसते.

पुढच्या रविवारी आणि नंतर पुन्हा एकदा मी तिथे गेलो. वळण नाही. सलग ऊस, मध्ये जुने बांध. ऊसतोडीसाठी काढलेली वाट असेल, असे सुचवणाऱ्या शहाण्यांनी ध्यानात घ्यावे की तोड दिवाळीच्या सुमारास सुरू होते. ऊस उभा होता. शेतमालक तर हसलाच. "वकीलसाहेब, माझ्या रानातनं रस्ता गेला असता तर नुकसानभरपाई मागाय पयला मीच आलो असतो की तुमच्याकडं!"

तिथली जमीन कोळशासारखी काळी. आमच्या चाकांत अडकलेली माती मात्र खानापूरकडच्यासारखी तांबडी. ती मी डबीत सील करून ठेवली आहे. ठेकेदार म्हणतो, असा रस्ता आम्ही काढलेला नाही. कंपनी माझ्या प्रत्येक पत्राला आभाराचे तेच ठरीव उत्तर पाठवते.

इकडे घरी वेगळाच पेच. पत्नी म्हणते, "त्या वाटेला नारळ बोललेय मी. तो फोडल्याबिगर गाडीत पाय ठेवायची न्हाय."

"अगं, फोडणार कुठे?"

"ते तुम्ही हुडका. एवढी पत्रं लिवतायसा की!"

हृदयाच्या तपासणीची तिची तारीख टळून गेली आहे. डॉक्टर दोनदा फोन करून रागावले. ती हलत नाही. मला आजही या प्रकाराचा उलगडा नाही, हे मी कबूल करतो. पण वाट होती, आणि तिच्यावरून माझी पत्नी जिवंत पोहोचली.

तेव्हा माझी मागणी : ती वाट कोणत्या गावाच्या हद्दीत, कोणत्या सर्व्हे नंबरात होती, कोणी काढली आणि कोणी मिटवली, याचे उत्तर कंपनीने व ठेकेदाराने या वर्तमानपत्राच्या याच पत्रसदरात नावानिशी द्यावे. खासगी खुलासा स्वीकारला जाणार नाही. मला फक्त जागा सांगा. नारळ घेऊन मी पत्नीला तिथवर चालवत नेईन.