साडूचा सेटअप

माझ्या साडूइतका विचार करकरून काहीही न करणारा माणूस मुंबईत दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर माझ्या साडूने त्याला आधीच गाठून ॲम्प्लिफायरवर चर्चा सुरू केलेली असेल. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. मी ठाकूरद्वारचा, तो लालबागचा. वय सारखंच, त्यामुळे अहो-जाहो आम्हाला कधी जमलंच नाही. तो विमा कंपनीत दावे तपासतो. समोरचा माणूस मेलेला आहे हेसुद्धा तो दोन पुराव्यांशिवाय मान्य करत नाही. असा माणूस इलेक्ट्रिक गिटार वाजवतो हे ऐकून लोक दचकतात. पण वाजवतो, आणि खोटं कशाला बोलू, हात गोड आहे मेल्याचा. फक्त तो हात ऐकायचं भाग्य कोणाला लाभत नव्हतं, कारण लहानसहान कार्यक्रमांना उचलून नेता येईल असा ॲम्प्लिफायर कोणता घ्यावा, हेच ठरत नव्हतं. बारसं असो, साखरपुडा असो, कोणी म्हटलं की ये रे गिटार घेऊन, की याचं उत्तर तयार. "येतो रे, पण सेटअप अजून फायनल नाहीये." ज्या पोरांच्या बारशाला हा वाजवणार होता ती पोरं दप्तर घेऊन शाळेत जायला लागली, तरी सेटअप आपला होताच आहे.

तुम्ही म्हणाल, नसेल ठरत तर नसो, तुमचं काय जातं? माझं काही जात नव्हतं हो. जात होते ते त्याच्या वडिलांचे कान. तात्यांची हयात गिरणीच्या साचेखात्यात गेली. दिवसभर मागांचा खडखडाट, शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे करायचे. गिरणी बंद पडली आणि तात्यांना शांतता मिळाली, ती नको तेवढी मिळाली. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग कुकरची शिट्टी, मग दारावरची बेल. कानाचं यंत्र आणलं, पण त्याने डोक्यात खरखर होते म्हणून ते कपाटात जाऊन बसलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आहे ते हळूहळू कमीच होत जाणार. इलेक्ट्रिक गिटार मशीनला जोडली नाही तर केरसुणीच्या काड्या ओढल्यासारखी वाजते, आणि घरात हा हेडफोन लावून बसायचा, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. तात्या समोर बसून मुलाची नुसती बोटं हलताना बघायचे. "खंय वाजवतलंस तेवा माका सांग, पुढच्या खुर्चयेर बसतलंय," एवढंच त्यांचं मालवणीतलं मागणं. मी साडूला दहादा सांगितलं, अरे, मिळेल तो डबा आण आणि म्हाताऱ्याला एकदा ऐकव. तर म्हणतो कसा, "पहिल्यांदा ऐकवायचं तर नीट ऐकवायचं. टिनपाट आवाज नको." म्हणजे बाप बहिरा होत चाललाय आणि चिरंजीव आवाजाच्या क्वालिटीवर अडून बसलेत. धन्य आहे!

बरं, अभ्यास म्हणाल तर दांडगा. मोबाईलवर कोणीतरी ॲम्प उघडून त्याची आतडी दाखवत असतो, ते हा जेवताना बघणार. वरणभात ताटात गार. लग्नाला गेला तर नवरानवरीकडे ढुंकून बघणार नाही, सरळ स्टेजच्या मागे जाऊन स्पीकरच्या पाठीवरचं वाचणार. दादरला एका साखरपुड्यात हा असाच पडद्यामागे गुडघ्यांवर बसला होता, तेव्हा मुलीच्या काकांनी त्याला डेकोरेटरचा माणूस समजून खुर्च्या लावायला सांगितल्या. याने लावल्या! वर मला म्हणतो, "बरं झालं, शेवटच्या रांगेत आवाज कसा पोचतो ते कळलं." त्याच्या मते बारशाला पाच वॅट पुरतात, साखरपुड्याला पंधरा लागतात आणि हळदीला तीसच्या खाली बोलायचंच नाही. बारशाला पाचच का, तर बाळ दचकतं. मग प्रश्न बॅटरीचा. बॅटरीवरचा घेतला तर ऐन रंगात संपेल. विजेवरचा घेतला तर तिथे प्लग असेल का, आणि असला तर त्यात कोणीतरी आधीच मिक्सर लावून ठेवलेला नसेल कशावरून? एकदा त्याने दुकानातून ट्रायलला आणलेला ॲम्प कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर चढवला. वाण्याने निर्विकारपणे विचारलं, "शेठ, हे काय भावाने?" माझी मेहुणी, म्हणजे या महात्म्याची बायको, एकदा वैतागून म्हणाली, "मला बघायला आले तेव्हा पोहे संपायच्या आत होकार दिला होता. माझी एवढी चौकशी केली असती तर मी वाचले असते!"

शेवटी एक आणला. जेवणाच्या डब्याएवढा, कमरेला अडकवायचा. त्याच्या ऑफिसातल्या मित्राची वरळी कोळीवाड्यात हळद होती, तिथे ट्रायल घ्यायची ठरली. तात्यांना मुद्दाम नेलं नाही. ट्रायलला कशाला, म्हणे. आता कोळीवाड्यातली हळद म्हणजे काय ती सांगायला हवी का? ब्रास बँड जोरात, बेंजोवाले त्याहून जोरात, आणि गल्ली एवढी चिंचोळी की नाचताना हात वर केला तर समोरच्याच्या खिडकीत जावा. त्या गदारोळात आमचा हा कमरेला डबा लावून, डोळे मिटून वाजवतोय. हा वाजवतोय हे कोणालाच कळलं नाही, त्याला स्वतःलासुद्धा नाही. मध्ये बँडवाले पाणी प्यायला थांबले, तेव्हा शेजारच्या एका मावशीने त्याला ढोसलं आणि म्हणाली, "बाबा, मघापासून तुझा मोबाईल वाजतोय. उचल तरी एकदा."

त्यानंतर गडी जो बिथरला तो थेट दुसऱ्या टोकाला. पुढचा ॲम्प चाकांचा होता. पोर्टेबल, म्हणाला. साडूच्या भाषेत पोर्टेबल म्हणजे जो मी उचलू शकतो तो. चाकं होती, पण लालबागच्या फुटपाथवर ती चालतील असं ती बनवणाऱ्यालाही वाटलं नसावं. आमच्या वाडीत सत्यनारायण होता, तिथे वाजवायचं नक्की झालं होतं. टॅक्सीच्या डिकीत ते धूड कोंबून, वाडीचे जिने चढवून हॉलमध्ये आणेपर्यंत माझी कंबर गेली आणि प्रसादाचा शिराही संपला. तात्या मात्र पुढच्या खुर्चीत. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, दोन्ही हात गुडघ्यांवर. साडूने वायर जोडली, बटणं फिरवली, एकच तार छेडली, मान वर करून छताकडे बघितलं आणि जाहीर केलं, "हॉल घुमतोय. इथे नको." अरे, घुमतोय तर घुमू दे ना! पण नाही. तात्यांना मी हाताला धरून टॅक्सीत बसवलं. "होतला, पुढच्या येळाक," म्हणाले बिचारे, जणू मीच नापास झालो होतो. त्या दिवशी साडूला त्याच्याच वायरने खांबाला बांधून ठेवावंसं वाटलं मला. राग आला होता, आणि वाईटही वाटलं होतं.

मागच्या वर्षी मात्र चमत्कार झाला. दसऱ्याच्या आधी त्याचा फोन आला. "सेटअप फायनल!" हा मधल्या आकाराचा होता. वर मूठ, बॅटरीही आणि वीजही, आणि बटणं, वायर घालायची भोकं, सगळं डोक्यावर. वाकायला नको, म्हणून. एव्हाना तात्यांशी बोलायचं तर डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागत होतं. कोजागिरीला लालबागला त्यांच्या चाळीच्या गच्चीवर कार्यक्रम ठरला. दसऱ्याला घरातल्या यंत्रांची पूजा असते. मिक्सर, शिलाई मशीन, झालंच तर तात्यांची जपून ठेवलेली गिरणीतली कात्री. त्या वर्षी सगळ्यांत मानाचा पाट ॲम्पला. हळदकुंकू, झेंडूचं फूल, अक्षता. मेहुणी दोन दाणे वाहून थांबत होती, तर हाच म्हणतो, "सढळ हाताने वाहा की, पहिली पूजा आहे." तिने मूठभर वाहिल्या.

कोजागिरीची संध्याकाळ. गच्चीवर दूध आटतंय, चाळ सतरंज्यांवर, तात्या पुढच्या खुर्चीत, तोच इस्त्रीचा शर्ट. साडूने वायर ॲम्पमध्ये घातली. ती आत जाईना. जोर लावला, नुसती खरखर. याने वायर बदलली, मग दुसरी, मग तिसरी, कारण हा सगळं जादा बाळगतो, फक्त अक्कल सोडून. बॅटरी काढून घातली. मोबाईलवर माहितीपुस्तक उघडलं. मी टॉर्च धरून उभा. तेवढ्यात मेहुणी दुधाचे पेले घेऊन आली, वाकून बघितलं, केसातली पिन काढली आणि त्या भोकातून कुंकवाने लालभडक झालेला तांदळाचा दाणा बाहेर काढला. "अगं बाई, ही तर माझी अक्षता!" एक दाणा निघाला, बाकीचे पिनेने आणखी आत गेले. वर्षानुवर्षं वॅट, बॅटरी, वजन, सगळ्याचा काथ्याकूट केलेल्या माणसाचा घात मूठभर तांदळांनी केला.

हसू आवरेना मला. पण साडूचा चेहरा बघितला आणि ते गिळलं. त्याने हळूच वायर गुंडाळायला घेतली. "राहू दे आज. रिपेअर करून पुढच्या..." पुढच्या! तात्या तिकडे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बघतायत, आणि हा पुढच्या म्हणतो! माझं डोकंच सटकलं. पाण्याच्या टाकीला मंडळाचा भोंगा बांधलेला होता, बरोबर तात्यांच्या डोक्यावर. आरतीला बोलवायला आणि कोणाचीतरी स्कूटर हलवा असं सांगायला त्याचा उपयोग. साडू त्याला कायम नावं ठेवायचा. मी त्याच्या हातातली वायर हिसकली आणि भोंग्याच्या मशीनमध्ये खुपसली. "अरे, याला बेस नाही, काही नाही, नुसता कर्कश..." "खड्ड्यात गेला तुझा बेस! वाजव!" एवढ्या जोरात ओरडलो मी की दूध ढवळणारी बाईसुद्धा थांबली.

त्याने वाजवलं. तात्या पूर्वी ज्या भजनी मंडळात टाळ धरायचे, तिथली एक जुनी चाल. आवाज खरंच भयंकर होता. पत्र्यावर खिळे पडावेत तसे सूर टाकीवरून कोसळत होते आणि माझे चांगले कान दुखायला लागले. तात्या आधी नुसतेच बघत राहिले. मग त्यांनी मान तिरकी केली. मग गुडघ्यावरची बोटं हलायला लागली, आणि ठेक्यावर हलायला लागली. "इला! ऐकाक इला माका!" ते ओरडले, बहिरी माणसं ओरडतात तसे, अख्ख्या गच्चीला ऐकू जाईल असे. साडू खाली मान घालून वाजवत राहिला. त्याने तीच चाल पुन्हा घेतली, आणि पुन्हा. संपलं तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि त्या टाळ्यांतून तात्यांनी मोठ्याने विचारलं, "बरां वाजवतंस रे झिला. मगे इतकी वर्सां कित्याक नाय वाजवलंस?" विचारण्यात राग नव्हता हो, साधी चौकशी होती. वॅटपासून वजनापर्यंत कशावरही तासभर बोलणारा माझा साडू गिटारची खांद्यावरची पट्टी सारखी करत बसला.

यंदा तात्यांना भोंग्यातलंही ऐकू येत नाही. परवा दिवेलागणीला लालबागला गेलो होतो. तो ॲम्प दुरुस्त होऊन आलाय, पण मेहुणीने त्यावर पापडांचा डबा ठेवलाय आणि कोणी तो हलवत नाही. साडू तात्यांच्या खाटेवर बसून वाजवत होता, हेडफोनशिवाय, वायरशिवाय, आणि तात्यांचा तळहात गिटारच्या लाकडावर टेकलेला होता. मी सवयीने म्हटलं, "अरे, ॲम्प तरी लाव." "कशाला?" म्हणाला. त्याला ओळखतो तेव्हापासून त्याने मला एका शब्दात दिलेलं हे पहिलं उत्तर. मी चप्पल काढून खाली बसलो. मला त्या काड्या ओढल्यासारखा आवाज जेमतेम ऐकू येत होता, आणि तात्या मान डोलवत होते, जराशा उशिराने.