तोंडाला स्पिरिटचा वास

साक्कोट्टैच्या कालव्यावरची ती बस आठवली की आजही माझे डोके तापते.

कुंभकोणमहून निघालेली बस पुलाच्या चढावर बंद पडली, मागे घरंगळली आणि कालव्यात कलंडली. एका बाईचा पाय चिरडला. मी तिथल्या ठाण्याचा फौजदार. मी पोहोचलो तेव्हा बसला पेट्रोल देणारा पंपमालक तिथे आधीच हजर होता. तो आमच्याच तंजावरी मराठी समाजातला. लोकांशी तमिळमध्ये बोलत होता. माझ्या कानाशी येताच घरची भाषा काढली.

"राव, ड्रायव्हरचं तोंड हुंगा."

हुंगले. स्पिरिटचा भपकारा आला. राज्यात दारूबंदी होती. मी प्रवाशांदेखत ड्रायव्हरच्या दोन थोबाडीत दिल्या आणि त्याला कोठडीत टाकले.

चौकशीत तो एकच सांगत राहिला. "अय्या, गाडी आचके देत होती. पेट्रोलची नळी काढून तोंडानं ओढली. कचरा अडकला की आम्ही सगळेच तसं करतो."

"पेट्रोलला दारूचा वास येतो काय रे?"

"या पेट्रोलला येतो. साखर कारखान्याचं स्पिरिट आहे त्यात."

ते खरे होते. मळीपासून काढलेले स्पिरिट तेव्हा पेट्रोलमध्ये मिसळून येई. ठाण्याची जीप दुसऱ्या पंपावरचे तसलेच पेट्रोल पिऊन विनातक्रार धावत होती. इंजिन कमी तापे, परदेशी तेलही तेवढे वाचे. मग बसच का अडली?

पंचनाम्यासाठी बसच्या टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढले. कालव्याचे पाणी टाकीपर्यंत पोहोचले नव्हते, तरी बाटलीत दोन थर पडले. खालचा थर पाण्यासारखा, आणि स्पिरिटचा उग्र वास त्यालाच.

पंपमालकाला ठाण्यात बोलावले.

"पेट्रोल साठवायची पिंपं धुता?"

"म्हणजे काय! दर वेळी, कालव्याच्या पाण्यानं. वडिलांपासूनची रीत आहे."

"आणि वाळवता?"

"कशाला? पाणी तळाशी राहतं, वरचं पेट्रोल उपसायचं."

साध्या पेट्रोलचे तसेच होते. स्पिरिट मात्र पाणी ओढून घेते. ते पाणी पेट्रोलबरोबर टाकीत जाते, तिथे सुटून तळाशी बसते आणि इंजिनाला तेच मिळते. पिंपे कोरडी ठेवा, असे तेल कंपनीने त्याला बजावलेलेही होते. अपघात कळताच तो सारे उमगून पुलावर धावला होता.

"मग मला तोंड हुंगायला का सांगितलंस?"

"पंप बंद झाला असता, राव. तुम्ही आपलेच, म्हणून..."

पुढचे मी त्याला बोलू दिले नाही. गुन्हा त्याच्यावर दाखल केला.

ड्रायव्हर सुटला, पण त्याच्या गाडीत कोणी बसेना. पोलिसाने दारूसाठी मारलेला माणूस, एवढेच लोकांनी पाहिले होते. बसमालक त्याला कामावरून काढायला निघाला. तेव्हा मी गणवेशात जाऊन ड्रायव्हरच्या तिरुवलंचुळीला जाणाऱ्या गाडीत पुढच्या बाकावर बसलो. मागे न वळता तो म्हणाला, "अय्या, निघण्याआधी तोंड हुंगून घेता का?" बसमध्ये हशा पिकला. मग एकेक जण चढू लागला.

स्पिरिट घातलेले पेट्रोल चांगले की वाईट, असे लोक मला विचारतात. पिंप कोरडे असेल तर चांगले, असे मी सांगतो. माझ्या खात्यातल्या तरुणांना मात्र वेगळे सांगतो. वास आला तर तो कसा आला, हे आधी विचारा. मी आधी हात उगारला.