घर कधी सोडायचं ते मिस ओडेसा ठरवणार

मिस ओडेसा ग्रिग्जनी अमेरिकेतल्या टोलेडोत सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली. मी शाळा सोडली तरी त्या महिनाभर रोज माझ्या दारात हॉर्न वाजवत होत्या. पुढे माझी आई निघून गेली, तेव्हा त्यांनीच मला वरची खोली दिली. त्यांच्याबद्दल कोणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाही, आधीच सांगते.

नवऱ्याच्या आजारपणाची बिलं त्यांना झेपेनात. एप्रिलमध्ये कोर्टात दिवाळं जाहीर केलं, आणि कर्जावरचं घर बँकेला सोडते असं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर भांडी खोक्यांत.

“कुठं निघालात?”

“बहिणीच्या तळघरात. देऊन टाकलेल्या घरात राहणं म्हणजे चोरी.”

“त्या तळघरात बेडूक आहेत.”

“मग सोबत होईल.”

त्यांच्या चर्चसमोर म्हाताऱ्या माणसांसाठी फ्लॅट आहेत. तिथं त्यांचा नंबर नववा. नव्या वर्षापर्यंत लागला असता. तोवर तळघराच्या सोळा पायऱ्या, आणि गुडघे तर पार गेलेले. पण ऐकतंय कोण?

चर्चची टोपी घालून बाई चाव्या द्यायला बँकेत गेल्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, आम्ही चाव्या घेत नाही.” यांनी ठेवल्या आणि चालू पडल्या. ती मुलगी उंच टाचांवर धावत आली आणि गाडीच्या खिडकीतून चाव्या यांच्या मांडीवर टाकून पळाली. मग यांनी पोस्टानं पाठवल्या. आठ दिवसांत परत.

शेवटी मी त्यांना ओढतच वकील हॅचकडे नेलं.

“सोडते म्हटलं म्हणजे घर गेलं असं नाही,” हॅच म्हणाला. “लिलाव होईल, जज सही करेल. तोवर नाव तुमचंच. तुम्ही निघून गेलात आणि अंगणातलं गवत गुडघाभर वाढलं, तर नगरपालिका दंड कोणाला लावेल?”

“बँकेला.”

“तुम्हाला. थंडीत पाइप फुटला तरी तुमच्याच डोक्यावर. लोक इथंच फसतात, लाजेपोटी आधीच निघून जातात. गवत कापा, विमा चालू ठेवा आणि राहा.”

“हप्ता न भरता? देवाला काय सांगू?”

“सांगा, बँकेचं घर राखतेय. फुकटात.”

हे मात्र बाईंना पटलं. त्या दिवसापासून असा पहारा सुरू झाला की बस. दर शनिवारी गवत मी कापायचं, त्या खुर्चीत बसून चुका काढणार. “डावीकडे राहिलं. तुला शाळेत डावं-उजवं पण शिकवलं नाही का?”

नोव्हेंबरात लिलाव झाला. दुसरं कोणी आलंच नाही, घर बँकेनंच घेतलं. डिसेंबरात जजची सही झाली आणि बँकेचा माणूस दारात उभा. पातळ कोट, हातात कागद. दोन आठवड्यांत घर झाडून रिकामं केलंत तर थोडे पैसे देऊ म्हणाला.

“खाली बस,” मिस ओडेसा म्हणाल्या.

बसला. त्या आवाजाला साठ पोरं गप बसायची, हा तर एकटा. त्याच्यासमोर रताळ्याचं गोड सारण भरून भाजलेल्या ‘पाय’ची फोड आली.

“फ्लॅट मला पाच जानेवारीला मिळतोय. सहाला निघेन.”

“मॅडम, तारीख वरून आलीय.”

“मग वर फोन लाव.”

तोंडात घास असतानाच त्यानं लावला. वीस मिनिटं हो-हो, नाही-नाही चाललं. मग म्हणाला, “सहा चालेल. अजून एक फोड मिळेल का?”

“नाही,” मी म्हटलं. बाईंनी दिली.

सहाला सकाळी त्या रिकामं घर झाडत होत्या, कोपऱ्याकोपऱ्यातून.

“उद्या हे लोक भिंतीसुद्धा पाडतील,” मी म्हटलं.

“पाडू देत. स्वच्छ भिंती पाडू देत.”

मग ट्रकवाल्याला बाजूला सरकवून स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. फ्लॅट तळमजल्यावर, पायरी एकसुद्धा नाही. मी टायरच्या दुकानाच्या वर खोली घेतलीय, पण रविवारचं जेवण त्यांच्याकडेच. आत शिरल्यावर बाईंनी कोट काढला, खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसल्या.

“इथून मला हलवायला आता जज चालायचा नाही,” म्हणाल्या. “पाद्रीच लागेल, शवपेटी घेऊन.”